उदाहरण सत्तेचाळीस

अर्ज प्रसिद्ध झाला त्या शुक्रवारी
सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं :
आपल्या सी विंगच्या ठोसर साहेबांनी
शुगरवर औषध शोधलं.
खाली जोडलेले हात बावीस
आणि एक केक.
केकवर कुणी हसलं नाही.

साहेब नाही मी.
रबाळ्याच्या प्रयोगशाळेत फ्लास्क ढवळणारा माणूस,
शोधकांच्या यादीत तिसरा,
आडनावाचं स्पेलिंग चुकलेला.

रात्री साडेनवाला बाजीराव कळंबे आले,
तळमजल्यावरून तिसऱ्यावर, जिन्यानं.
कोपरखैरण्याची ही सिडकोची बिल्डिंग, लिफ्ट नाही.
तीस वर्षं तुर्भ्याच्या मसाला मार्केटात
साखरेची पोती वाहिली या माणसानं.
पोतं बसायचं तिथे, मानेखाली, घट्टा आहे अजून.
डाव्या पायाचं बोट मागच्या दिवाळीत
वाशीला काढलं.

"कुठं मिळंल?" म्हणाले.
कधी, असं नाही. कुठं.
जणू दुकानाचं नाव तेवढं विचारायचं राहिलंय.

मी म्हटलं, मामा, मेढ्याच्या स्टँडवर
खिडकीतून रुमाल टाकतात ना सीटवर,
तसा हा अर्ज. जागा धरली, एवढंच.
"मग गाडी?"
गाडी अजून डेपोतच. इंजिन बसवायचंय.
"आन् डायवर?"
तोही नेमायचाय. पुढे घाट.
बहुतेक गाड्या चढावरच बंद पडतात.

ते जरा गप्प बसले. मग म्हणाले,
"पर रुमाल उगाच कोन टाकत न्हाय.
ज्येला जायाचंय त्योच टाकतो."

दुसऱ्या कुणी बसू नये
म्हणूनही टाकतात काही जण.
हे मी बोललो नाही.

त्यांनी फोन पुढे केला. वाचा.
एकशे बारा पानं. जमेल तसं मराठीत सांगितलं :
एक संयुग, किंवा त्याचा क्षार,
किंवा त्याचं कोणतंही स्वीकारार्ह रूप,
उपचारासाठी किंवा प्रतिबंधासाठी
किंवा दोन्हींसाठी.
"एवढे किंवा?"
वकीलबाई प्रत्येक किंवाचे पैसे घेतात, म्हटलं.
हसले.

मग उंदरांचं पान आलं.
चोवीस, जन्मतःच गोड रक्ताचे.
आठ आठवड्यांत बारा जणांची साखर उतरली.
तो आलेख खरा आहे. त्यातला एकेक ठिपका म्हणजे
रझियानं भल्या पहाटे शेपटीच्या टोकातून
घेतलेला थेंब.
मामांनी स्वतःचं बोट दिव्यापाशी नेलं,
टोचून टोचून चाळण झालेलं.
"आन् बाकीचे बारा?"
त्यांना नुसतं पाणी दिलं होतं.
"मेले?"
सगळेच, मामा. शेवटी सगळेच.

आणखी एक सांगायचं राहिलं.
या लिखाणाची एक रीत असते :
जे केलं ते भूतकाळात लिहायचं.
ढवळलं, गाळलं, वाळवलं, मोजलं.
जे अजून केलेलं नाही ते वर्तमानकाळात.
उदाहरण सत्तेचाळीस :
रुग्णास सकाळी एक गोळी दिली जाते.
उपाशीपोटीची साखर खाली येते.
पायाची जखम भरते.
कोण रुग्ण, कसली गोळी.
कपाटातल्या बाटलीत जेमतेम
चिमूटभर भुकटी आहे आमच्याकडे,
तीही ओल धरते.

दारात त्यांनी पायानं चप्पल चाचपली.
खिडकीतून रात्रीचा तो वास यायला लागला होता,
ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडे
कुठल्याशा कंपनीनं गुपचूप सोडलेला.
पायाचं काय म्हणतात डॉक्टर, मी विचारलं.
"भरतीय जखम," म्हणाले.
कठड्याला धरून एक पायरी उतरले, थांबले.
"भरतीय की."

जिन्यातला दिवा मी
खालचं दार वाजेपर्यंत चालू ठेवला.
बराच वेळ लागला.